कोकणात दुर्बिणीतून गुरू-शनी धूसर दिसतात? आधी तारा फोकसच्या बाहेर नेऊन बघा

दरवर्षी पाऊस उघडला, दिवाळी झाली की रत्नागिरी, देवगड, गुहागर, दापोली सगळीकडून तीच तक्रार यायला लागते. दुर्बीण नवीन आहे, चंद्र मस्त दिसतो, पण गुरू लावला की नुसता पांढरा गोळा, पट्टे नाहीत, आणि शनी तर टीपकागदावर शाई पसरावी तसा. लगेच पुढचा प्रश्न असतो की दुर्बीण परत पाठवू का, का महागातला आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) घेऊ. थांबा जरा, दोन्ही करू नका. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा दोष दुर्बिणीत नसतोच, तो काचेवर बसलेल्या पाण्यात आणि मिठात असतो नाहीतर मधल्या हवेत असतो, आणि नक्की कशात आहे ते एका ताऱ्यावरून पाच मिनिटांत समजतं. ते न बघता लोक स्क्रू पिळत बसतात आणि मग खरंच बिघडतं.

तर पहिल्यांदा एवढंच आठवा की धूसर कधी होतं. सुरुवातीला स्वच्छ आणि अर्ध्या-पाऊण तासाने हळूहळू मंद होत गेलं, का बाहेर काढल्या काढल्याच धुकं, का एक क्षण लख्ख आणि पुढच्या क्षणी लडबडलेलं, का कायमच तसं, कुठल्याही रात्री, कुठल्याही आयपीसने. या चार तऱ्हांची कारणं चार आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

आता टेस्ट. एक बऱ्यापैकी तेजस्वी तारा उंचावरचा निवडा. पुस्तकांत आणि व्हिडिओत सांगतात ध्रुव घ्या कारण तो हलत नाही, पण ती पुस्तकं युरोपातल्या आकाशाची असतात, आपल्याकडे ध्रुव जेमतेम १६ ते १९ अंश वर असतो म्हणजे त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा कापून येतो, त्याच्यावर दुर्बिणीची परीक्षा घ्यायची म्हणजे दुर्बिणीवर अन्याय. आपल्याला निसर्गानेच चांगले तारे दिलेत. रत्नागिरीचा अक्षांश साधारण १७ आहे आणि रोहिणी जवळजवळ बरोबर डोक्यावरून जाते, उन्हाळ्यात स्वातीपण तशीच. फक्त डॉब्सोनियन (जमिनीवरच्या पेटीसारख्या बैठकीवर फिरणारी दुर्बीण) असेल तर अगदी डोक्यावर वळवायला त्रास होतो म्हणून तारा साठ-सत्तर अंशावर असतानाच धरा. साधारण शंभरपट मोठं दिसेल असा आयपीस लावा, तारा मधोमध आणा, टोकदार फोकस करा आणि मग फोकसचं चाक थोडं पुढे, मग थोडं मागे फिरवा. टोकदार ठिपका पसरून गोल चकती होते आणि नीट बघितलं तर त्या चकतीत एकात एक वर्तुळं दिसतात.

ही वर्तुळं म्हणजे प्रकाश लहर आहे याचा तुमच्या अंगणातला पुरावा. दुर्बिणीच्या गोल तोंडातून आत आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही ठिकाणी एकमेकींना जोर देतात, काही ठिकाणी रद्द करतात, म्हणून उजेड-अंधार-उजेड अशी कडी. त्यामुळेच फोकसमध्येसुद्धा तारा कधीच खरा बिंदू होत नाही, एक छोटी चकती राहते आणि तिचा आकार दुर्बिणीच्या तोंडावर ठरतो. हिशोब सोपा आहे, ११६ ला तोंडाच्या मिलिमीटरने भागा, उत्तर येतं ते आर्कसेकंद (एका अंशाचा ३६०० वा भाग), त्याहून जवळचे दोन तारे ती दुर्बीण वेगळे दाखवू शकत नाही. ७० मिमी असेल तर साधारण १.७, ११४ मिमी असेल तर १, १३० मिमीला ०.९. आपल्या सगळ्यात जवळ असतो तेव्हा गुरू पंचेचाळीस-पन्नास आर्कसेकंद भरतो, म्हणजे ७० मिमीतूनसुद्धा दोन मुख्य पट्टे दिसायलाच पाहिजेत. दिसत नसतील तर पुढे वाचा.

पहिली तऱ्हा. चकती गोल आहे, वर्तुळं मधोमध आहेत, हलतायत पण फार नाही, फक्त सगळं मंद वाटतं आणि तेजस्वी ताऱ्याभोवती धुरकट प्रभा आहे, बारीक तारे गायब: हे काचेवरचं दव. आपल्याकडचं पहिल्या नंबरचं कारण, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याबद्दलच आहेत. लोकांना वाटतं दव वरून पडतं म्हणून दुर्बीण पडवीत पत्र्याच्या कडेला लावली की झालं. दव पडत नाही, ते काचेवर तयार होतं. काच, पत्रा, गाडीचं टप, सगळ्या वस्तू रात्री उष्णता बाहेर टाकतात आणि तीसुद्धा लहरीच, डोळ्याला न दिसणाऱ्या, साधारण १० मायक्रॉन लांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या लहरीच्या जवळपास वीसपट लांब. आता गंमत अशी की या लांबीच्या आसपास वातावरणात खिडकी उघडी असते, ही उष्णता थेट अंतराळात निघून जाते. ज्या निरभ्र रात्री आपल्याला तारे छान दिसतात त्याच रात्री आकाशाकडे तोंड करून बसलेली लेन्स आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. दमट हवा ही खिडकी थोडी झाकते खरी, म्हणून आपल्याकडे काच देशावरच्या इतकी गार होत नाही, पण व्हायची गरजच नसते. हवा २४ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, जे किनाऱ्यावर अगदी रोजचं, तर दवबिंदू, म्हणजे दव धरायला लागतं ते तापमान, २० च्या जवळ येतो. काच फक्त चार अंश उतरली की संपलं. देशावर कोरड्या थंडीत दहा-पंधरा अंश उतरावं लागतं.

त्यात आपलं मीठ. हे मला कुठे लिहिलेलं दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. समुद्रात लाटा फुटतात तेव्हा उडालेले तुषार हवेतच वाळतात आणि मिठाचे अतिबारीक कण खाऱ्या वाऱ्यांबरोबर आत येतात, ते लेन्सवर, आरशावर, आयपीसवर बसतात. आणि साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते हेच. म्हणजे दवबिंदू यायच्या आधीच तुमच्या काचेवर सूक्ष्म थेंबांचा थर तयार असतो. म्हणून कितीतरी जण म्हणतात की दव दिसत नाही, हाताला ओलं लागत नाही, तरी चित्र मंद का. टॉर्च तिरका मारून बघा, काच दुधाळ दिसली तर मीठ आहे.

उपाय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे दुर्बिणीच्या तोंडाला लांब टोपी, काळ्या फोम शीटची गुंडाळी करून, तोंडाच्या व्यासाच्या दीड ते दोनपट लांब. ती लावली की काचेला थंड आकाश कमी दिसतं, म्हणून ती हळू थंड होते. पुठ्ठ्याची करू नका, आपल्या हवेत दोन रात्रीत लोंबते. योगा मॅट कापून केलेली मस्त टिकते. न्यूटोनियनमध्ये, म्हणजे आरशाच्या साध्या दुर्बिणीत, मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो म्हणून तो तसा सुरक्षित असतो, तिथे आधी ओला होतो तो वरचा छोटा तिरका आरसा, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), आणि आयपीस. आयपीसवर तर आपला श्वास आणि डोळ्याची वाफपण असते, म्हणून वापरात नसलेले आयपीस टेबलावर उघडे न ठेवता खिशात ठेवा, अंगाच्या ऊबेने कोरडे राहतात. श्मिट-कॅसेग्रेन किंवा माक्सुटोव्ह (पुढे काच आणि मागे आरसा असलेली आखूड दुर्बीण) असेल तर पुढची काच थेट आकाशाला तोंड देते, तिथे टोपी पुरत नाही, १२ व्होल्टवर चालणारा हीटरचा पट्टा लागतो. तो काच हवेपेक्षा एखाद-दोन अंशच गरम ठेवायला हवा, जास्त तापवला तर काचेसमोरची हवाच उकळायला लागते. दव धरलंच तर हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, लांबून. पंख्याचा हलका वारासुद्धा चालतो.

एक मात्र कधीही करू नका. ओली काच रुमालाने, टी-शर्टने, मलमलच्या कपड्यानेसुद्धा पुसू नका. किनाऱ्यावरच्या काचेवर मीठ आणि बारीक रेतीचे कण असतात, पुसलं म्हणजे घासलं. चरे कायमचे.

दुसरी तऱ्हा. बाहेर काढल्या काढल्याच धुकं येत असेल तर दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवलेली आहे, दुसरं काही नाही. एसीच्या गाडीतून उतरल्यावर चष्म्याला होतं तेच. आता जवळजवळ प्रत्येक घरात एक खोली एसीची आणि लोक दुर्बीण प्रेमाने तिथेच ठेवतात. झाकणं न काढता संध्याकाळी पडवीत आणून ठेवा आणि ट्यूब बाहेरच्या हवेइतकी झाली की मगच उघडा.

आता तिसरी तऱ्हा. फोकसबाहेरची चकती पाण्याखालच्या नाण्यासारखी हलते, किंवा तिच्यात एका बाजूने धुरासारखा झोत वर चढताना दिसतो. हे तापमान. एका बाजूने हळू चढणारा झोत असेल तर उष्णता तुमच्या ट्यूबमध्येच आहे, आरसा अजून गरम आहे आणि त्याच्यावरून गरम हवा वर येतेय. सगळी चकती भराभर एका दिशेने वाहत असेल तर ती वरच्या वातावरणातली खळबळ, तिला इलाज नाही, वाट बघा नाहीतर चंद्र बघा.

एवढ्याशा उष्णतेने काय होतं असं वाटतं, पण आकडे घेऊन बघा. हवा एक अंशाने तापली की तिचा अपवर्तनांक (हवा प्रकाशाला किती मंदावते त्याचा आकडा) साधारण दहा लाखात एक भागाने कमी होतो. ऐकायला काहीच नाही. पण ट्यूबच्या एका बाजूची हवा दुसरीपेक्षा एक अंश गरम असेल आणि ट्यूब एक मीटर लांब असेल तर दोन बाजूंच्या प्रकाशात जवळपास एक मायक्रॉनचा फरक पडतो, आणि हिरव्या प्रकाशाची लहरच मुळात ०.५५ मायक्रॉनची. म्हणजे जवळजवळ दोन अख्ख्या लहरींचा घोळ. चांगल्या चित्रासाठी लहरीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त चूक चालत नाही असा जुना नियम आहे, म्हणजे एका अंशाचा सातवा हिस्साच परवडतो! म्हणून दुर्बीण बाहेर काढून तासभर थांबा असं सांगतात, ती काही अंधश्रद्धा नाही.

याच्या उलट बाजू बघायची तर खोडदला जा, नारायणगावजवळ, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आणि त्यांना काच तर सोडाच, पत्रासुद्धा नाही, नुसती तारेची जाळी. कारण त्या ज्या रेडिओ लहरी पकडतात त्यातली हायड्रोजनची प्रसिद्ध लहर २१ सेंटीमीटर लांब, तिच्यापुढे जाळीची भोकं आणि दवाचे थेंब काहीच नाहीत. आपण मात्र मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या लहरींशी खेळतोय, म्हणून एवढा सोवळेपणा.

कोकणातल्या जागांबद्दल थोडं. बीचवर दुर्बीण लावायचा मोह सगळ्यांना होतो आणि मी प्रत्येकाला नको म्हणून सांगतो. खारी हवा, उडणारी रेती, मऊ वाळूत खचणारा ट्रायपॉड, आणि क्षितिजावर बोटींचे लाइट. मागे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा, अंधार छान असतो. पण कातळ दिवसभर तापलेला असतो आणि सूर्य मावळल्यावर कितीतरी वेळ उष्णता सोडत राहतो, त्यामुळे उघड्या काळ्या कातळावर सात-आठ वाजता ग्रह बघाल तर ते थरथरणारच, दोष दुर्बिणीला द्याल. कातळाच्या कडेला जिथे गवत आणि माती आहे तिथे लावा, नाहीतर दहा-अकरापर्यंत थांबा. गच्चीचा स्लॅब तसाच वाईट. चिऱ्याच्या घराचं खळं बरं, पण कौलांवरून किंवा स्लॅबवरून नजर जाईल अशा दिशेला ग्रह बघू नका. रात्री उशिरा मतलई वारे सुरू झाले की जमिनीकडची कोरडी हवा येते, हिवाळ्यात पहाटे त्यामुळे काही वेळा चित्र इतकं स्थिर होतं की आदल्या संध्याकाळची दुर्बीण हीच का असा प्रश्न पडतो. आणि सड्यावर जाताना एक विनंती, ट्रायपॉड ठेवण्याआधी खाली टॉर्च मारून बघा. कशेळी, उक्षी, बारसू नुसते नावाजलेले, बाकी कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यांच्यावर लोखंडी पाय आपटू नयेत.

चौथी तऱ्हा, कायमच खराब. चकतीतली वर्तुळं एका बाजूला सरकलेली असतील, न्यूटोनियनमध्ये छोट्या आरशाची काळी सावली मध्यावर नसेल, तर कॉलिमेशन बिघडलंय, आरसे एका रेषेत नाहीत. मुंबईहून घाटातून, त्या रस्त्यावरून, दुर्बीण डिकीत घालून आणली की हे होणारच, दुर्बिणीचा कमीपणा नाही. मुख्य आरशाच्या मागे तीन स्क्रू असतात, एकेक पाव फेराच फिरवा, तारा सरकला की परत मधे आणा, परत चकती बघा. घाई नको. अंधारात पहिल्यांदा करू नका, आधी दिवसा कॉलिमेशन कॅप (मधोमध भोक असलेलं झाकण) लावून समजून घ्या. चकती तिकोनी दिसली तर आरशाच्या क्लिपा जास्त आवळल्यात, त्या जरा सैल करा. चकती लांबट असेल आणि फोकसच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर आडवीची उभी होत असेल तर आधी स्वतःचं डोकं तिरकं करून बघा, लांबटपणा डोक्याबरोबर फिरला तर तो तुमच्या डोळ्याचा आहे, चष्मा लावून बघा.

हीच टेस्ट मोठ्यांनीही केली आहे. हबल ही अंतराळातली दुर्बीण २४ एप्रिल १९९० ला वर गेली आणि काही आठवड्यांत कळलं की तारे टोकदार होतच नाहीत. आरसा २.४ मीटरचा, जगातल्या सगळ्यात गुळगुळीत आरशांपैकी एक, पण कडेला साधारण २.२ मायक्रॉन जास्त चपटा घासला गेला होता, कारण तो तपासायच्या उपकरणातच एक अंतर १.३ मिलिमीटरने चुकलेलं होतं. शास्त्रज्ञांनी तारे मुद्दाम फोकसच्या अलीकडे-पलीकडे नेऊन त्या डागांवरून चूक किती आणि कशी ते मोजलं, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तेवढीच चूक उलट्या दिशेने करणारी उपकरणं बसवली. जेम्स वेब या नंतरच्या अंतराळ दुर्बिणीचं तर सुरुवातीपासूनच असं ठरलेलं होतं, १८ आरशांचे तुकडे, पहिल्यांदा सप्तर्षींच्या भागातला एकच तारा बघितला तर १८ वेगवेगळे ठिपके, मग २०२२ च्या सुरुवातीचे कित्येक आठवडे एकेक तुकडा हलवून सगळे ठिपके एकावर एक आणले. आपल्याकडे तीन स्क्रू आहेत आणि आकाश तेच आहे, जमेल तुम्हाला, खरंच जमेल.

आणि खोक्यावर लिहिलेलं मॅग्निफिकेशन कृपया विसरा. ९०० मिमी फोकल लेन्थची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ११४ मिमी दुर्बीण, सोबत ४ मिमी आयपीस आणि तीनपट बार्लो (चित्र आणखी मोठं करणारं भिंग), भागाकार-गुणाकार केला तर ६७५ येतं, हिशोब बरोबर आहे पण उपयोग शून्य. तोंडाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत, तेही हवा फार चांगली असेल तर. ११४ ला सव्वादोनशे ही अगदी शेवटची हद्द, आपल्या रोजच्या हवेत १० मिमी आयपीसने ९० पट दिसणारा छोटासा गुरू हा ६७५ च्या ढगापेक्षा कितीतरी जास्त दाखवतो. लहान पण कडक चित्र, हे ध्येय ठेवा. मुलांना दाखवताना तर नक्कीच, कारण मूल एकदा नुसता ढग बघून गेलं की परत दुर्बिणीला डोळा लावायला येत नाही, आणि तेच मूल गुरूचे चार चंद्र ओळीने बघून गेलं तर दुसऱ्या दिवशी मित्र घेऊन येतं.

काही गोष्टी दोष नाहीतच. ग्रह खाली असताना त्याची एक कड निळी आणि एक कड तांबडी दिसते, ते वातावरण लोलकासारखं काम करतं म्हणून, निळा प्रकाश जास्त वाकतो. समुद्राला टेकलेला सूर्य बघता ना, वातावरण क्षितिजावर प्रकाश अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच वाकवतं, तेवढाच साधारण सूर्याचा आकार, म्हणजे तो टेकलेला दिसतो तेव्हा सरळ रेषेत तो खाली गेलेला असतो. (आणि मावळता असला तरी सूर्याकडे फिल्टरशिवाय दुर्बीण नाही, फाइंडरसुद्धा नाही, डोळा जातो.) अगस्ती आपल्याकडून जेमतेम वीस अंश वर येतो, तो लुकलुकणार आणि रंग उधळणार, त्याच्यावरून दुर्बिणीचं मोजमाप नको. शनीची कडी गेली कुठे असंही विचारतात. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला अगदी धारेवर आली होती, दर पंधरा वर्षांनी साधारण एकदा असं होतं, कडी लाखो किलोमीटर पसरलेली पण जाडी जेमतेम काही दहा मीटर, म्हणून धारेवरून रेघसुद्धा कशीबशी. २०३२ पर्यंत ती उघडत जातील, दरवर्षी थोडी थोडी, दुर्बीण तीच ठेवा आणि बघत राहा.

राहिली बुरशी, आणि ही सगळ्यात वाईट कारण बाकीचं सगळं दुरुस्त होतं पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. तिचं आम्ल काचेलाही लागतं. दिवसा टॉर्च तिरका धरून लेन्समधे बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दुर्बीण कपाटात, कापडी बॅगेत, लेदरच्या केसमध्ये किंवा खोक्यातल्या मूळ फोममध्ये ठेवू नका, फोम आणि कापड ओल धरून ठेवतं. रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, मोठी ट्यूब मावत नसेल तर निदान आयपीस, बार्लो, फाइंडर त्यात, आणि ट्यूबची दोन्ही तोंडं घट्ट झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या. दहा-वीस रुपयांची एक-दोन पाकिटं नाही, मूठभर-दोन मुठी पाहिजे. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, ४० ते ५० टक्के असेल तर उत्तम, ६० च्या वर गेला की जेल बदला. केशरी जेल हिरवं पडलं किंवा निळं गुलाबी झालं की मंद आचेवर परतून घ्या, रंग परत आला की थंड करून वापरा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते विषारी, म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात नको, त्यापेक्षा केशरीच घ्या. कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत चालते, पण पावसाळ्यात आपल्याकडे लाइट दोन-दोन दिवस जातात त्याचं काय. तांदळात ठेवणं बंद करा, पिठूळ धूळ लेन्सच्या कडेत जाते. आणि ऊन दाखवायचं असेल तर झाकण लावून ट्यूब गरम होऊ द्या, लेन्स उघडी ठेवून उन्हात सोडलीत तर मागे काहीतरी पेटेल.

मिठाचा थर धुवायचा तर वर्षातून एकदाच, पावसाळा संपल्यावर. आरसा सेलमधून (तो बसवलेल्या चौकटीतून) काढून आधी डिस्टिल्ड वॉटरची नुसती धार, मीठ आणि रेती त्यातच निघून जाते, मग डिस्टिल्ड वॉटरमध्येच सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब टाकून त्यात भिजवलेला कापूस नुसत्या स्वतःच्या वजनाने फिरवा, दाब देऊ नका, परत धार, आणि तिरका उभा ठेवून आपोआप वाळू द्या. विहिरीचं पाणी शेवटच्या धारेला चालत नाही, क्षार राहतात. लेन्सची दुर्बीण असेल तर ती उघडू नका, दोन भिंगांमधलं अंतर आणि दिशा परत तशी बसत नाही, फक्त बाहेरची बाजू.

एवढं करूनही धूसरच असेल तर विचारताना दुर्बिणीचं तोंड किती मिलिमीटर, आयपीस कुठला, किती वाजता कुठल्या जागेवरून आणि ग्रह किती उंचीवर होता, आणि फोकसच्या अलीकडे आणि पलीकडे ताऱ्याची चकती कशी दिसली तिचं पेन्सिलने काढलेलं चित्र, एवढं द्या. मोबाइलने आयपीसमधून काढलेल्या हललेल्या फोटोपेक्षा त्या पेन्सिलच्या चित्रातून जास्त कळतं.